रांधणाऱ्याला दिवाळीत काय द्यावं: जांभळी नाक्यापासून वाशीच्या मसाला मार्केटपर्यंत

सात नगांचा नॉनस्टिक सेट देऊ नका. दिवाळीच्या आठवड्यात ठाण्यात गोखले रोडला बघा नाहीतर वाशीत सेक्टर १७ ला, दुकानाच्या तोंडाशी तोच रचलेला असतो, झगझगीत खोक्यात, वर सोनेरी रिबीन. पण ज्याला खरंच रांधायला आवडतं त्याचा रोजचा तवा आणि कढई कधीच ठरलेली असते. खोक्यातल्या सातपैकी पाच नगांची रवानगी थेट माळ्यावर. शिवाय त्या लेपाला २६० अंशांच्या वरचा ताप सोसत नाही, आणि रिकामं भांडं मोठ्या आचेवर विसरलं की तो आकडा काही मिनिटांतच ओलांडला जातो.

काहीही घेण्याआधी तीन गोष्टी काढून घ्या, का विचारताय ते कळू न देता. शेगडी गॅसची की इंडक्शन. ओट्याखाली जागा किती. आणि भांडी कोण घासतं. तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. सकाळी मावशी येऊन सगळी भांडी तारेच्या घासणीने एका दमात उरकत असतील, तर बिडाचा तवा पावसाळ्यात लाल होणार आणि पितळेची कल्हई वेळेआधीच उडणार. त्यात मावशींचा काय दोष? भांड्याचा आणि घराचा मेळच बसलेला नाही.

खाली दिलेल्या वस्तूंना आम्ही एकच कसोटी लावली आहे: भेट दिली त्याच संध्याकाळी ती वापरता आली पाहिजे. बीड, पितळ, सुरी, सोऱ्या, यातली एकही चीज दुकानातून निघते तशी लगेच वापरण्याजोगी नसते. ते दोन-तीन तास देणाऱ्याने घालायचे. नाही घातले तर आपण भेट देत नाही, ऐन फराळाच्या गडबडीत दुसऱ्याच्या गळ्यात एक काम मारतो.

बिडाचा तवा

पहिली पसंती हीच. जांभळी नाक्याच्या बाजारात 'लोखंडी तवा' मागितलात तर पत्र्याचा हातात येईल. तो पोळीला उत्तम, पण घावन आणि डोसे त्याच्यावर जिद्दीला पेटतात. 'बिडाचा' असं स्पष्ट मागा. बीड म्हणजे ओतीव लोखंड: जड, उशिरा तापणारं आणि तापलं की पीठ पडल्यावरही न डगमगणारं. पातळ पत्र्यावर पहिला घावन बरा होतो आणि दुसरा चिकटतो, कारण पिठातल्या पाण्याने तवा गार पडलेला असतो. बिडाच्या अंगात उष्णता साठून राहते, म्हणून दहावा घावनही पहिल्यासारखाच सुटतो.

माप २६ सेंटिमीटरचं घ्या. ३० चा दिसायला छान, पण घरगुती शेगडीच्या बर्नरवर त्याचा मधला भाग जळतो आणि कडा कच्च्या राहतात. जाडी चार-साडेचार मिलिमीटर, वजन दांड्यासकट दोन किलोच्या आसपास. साठी ओलांडलेल्या व्यक्तीला द्यायचा असेल तर दोन बाजूंना कान असलेला घ्या. एका दांड्यावर दोन किलो पेलताना मनगट बोलतं.

दुकानात तीन परीक्षा करायच्या. तवा सपाट फरशीवर ठेवून कडेला बोट दाबा, डुगडुगला तर परत. किल्लीने कडेवर टिचकी मारा. घंटेसारखा खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. मग पृष्ठभागावरून तळहात फिरवा. बारीक वाळूसारखा खरखरीतपणा चालतो, तो वापरून गुळगुळीत होतो, पण नखाला अडकणारे खड्डे असतील तर पीठ तिथेच धरणार. पांढरा रुमाल फिरवल्यावर थोडं काळं लागलं तर घाबरू नका, ते गंज धरू नये म्हणून लावलेलं तेल असतं. चकचकीत काळा रंग पापुद्र्यासारखा निघत असेल, तर मात्र तो तवा तिथेच ठेवा.

आता घरची तयारी. डब्यावर 'सीझन केलेला' (म्हणजे तेल तापवून त्याचा थर चढवलेला) असं लिहिलेलं असलं तरीही ही करायचीच. गरम पाणी, साबण आणि काथ्याने खसखसून धुवा. लगेच पुसून मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा, म्हणजे छिद्रांतलं पाणी उडून जातं. तवा कोमट असताना अर्धा चमचा शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल घ्या आणि आतून, बाहेरून, दांड्याला, तळाला सगळीकडे चोळा. मग कोरड्या फडक्याने असं पुसा, जणू तेल चुकून सांडलं होतं आणि ते काढायचंच आहे. घोटाळा होतो तो इथेच. 'थोडं राहू दे, मुरेल' म्हणून तेलाचा थर ठेवला की तो तापून कडक होण्याऐवजी गुळासारखा चिकट होतो आणि त्यावर धूळ बसते. ओव्हन असेल तर २३०–२४० अंशांवर तवा पालथा घालून एक तास. नसेल तर मध्यम आचेवर, दर दोन मिनिटांनी थोडा फिरवत, धूर यायचा थांबेपर्यंत. खिडकी उघडी आणि एग्झॉस्ट चालू ठेवा. गार होऊ द्या. हे सगळं तीनदा. तिसऱ्यांदा तवा करडा राहत नाही, तपकिरी-काळा आणि किंचित तुकतुकीत दिसतो.

जवसाच्या तेलाची मोठी कीर्ती ऐकू येते. त्याचा थर सुरुवातीला काचेसारखा सुंदर दिसतो, पण काही दिवसांनी पापुद्रे सुटायची तक्रार त्याच्याच बाबतीत सर्वांत जास्त. साधं तेल बरं.

तव्यासोबत एक चिठ्ठी द्या: पहिले पंधरा-वीस वापर घावन, थालीपीठ, कांदा परतणं एवढंच, टोमॅटो, चिंच, कोकम नाही, कारण आंबटाने कोवळा थर उतरतो आणि पदार्थाला लोखंडाची चव लागते. तेल लावायला अर्धा कांदा काट्याला टोचून फिरवायचा, ब्रश नको. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतायचं नाही. बीड तडकतं आणि तडकलेलं सांधत नाही. इंडक्शनवर चालतो, पण काचेवरून ओढायचा नाही, उचलायचा, आणि सुरुवात कमी वॉटवर करायची. खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर तेलाचं बोट फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचा. गंज धरलाच तर घासून पुन्हा हेच सगळं करायचं, तवा वाया जात नाही.

सोऱ्या, आणि सोबत भाजणी

दिवाळीच्या तोंडावर द्यायची असेल तर याहून वेळेवरची भेट नाही, मात्र वसुबारसेच्या आधी पोचली पाहिजे. लक्ष्मीपूजनाला चकलीचा सोऱ्या देणं म्हणजे पाऊस संपल्यावर छत्री.

पितळी, वरून मूठ फिरवायचा सोऱ्याच घ्या. बंदुकीसारखा खटका दाबायचा स्टीलचा प्रकार दिसायला सोपा, पण भाजणीचं पीठ घट्ट असतं आणि दहा-बारा चकल्यांनंतर आतला दाता घसरायला लागतो. ॲल्युमिनियमचा हलका आणि स्वस्त, पण आतून घासला की हाताला काळं लागतं. पिठाला लागणार नाही कशावरून?

पितळी सोऱ्या घेताना मूठ पूर्ण वर घ्या आणि आतली दाबायची चकती नळकांड्यात बसवून प्रकाशाकडे धरा. कडेने सगळीकडे सारखी बारीक फट दिसली पाहिजे. एका बाजूला फट मोठी असेल तर दाब देताना पीठ त्या फटीतून वर चढतं, मुठीच्या आट्यांत जातं, आणि मग अर्धा वेळ सोऱ्या साफ करण्यात जातो. नव्या सोऱ्याची सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि लोक दोष पिठाला देतात. मग चकलीची ताटली बघा. चांदणीची टोकं अणकुचीदार हवीत. टोकं बोथट असली की चकलीला काटे येत नाहीत, गुळगुळीत गोगलगाय तयार होते. आटे सात-आठ वेळा फिरवून पाहा, कुठेही अडकता कामा नये. नव्या सोऱ्यात पितळेची बारीक भुकटी असते: चिंच-मीठ लावून धुवा, मग कणकेचा एक गोळा त्यातून काढून फेकून द्या. हे देणाऱ्याचं काम.

एवढ्यावर थांबू नका, अर्धा किलो भाजणी बरोबर द्या. घरी करणार असाल तर वाटीच्या मापाने तांदूळ ४, हरभऱ्याची डाळ २, मूगडाळ १, उडीद डाळ १, मूठभर धणे, चमचाभर जिरं. तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेले. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, रंग न बदलता फक्त खमंग वास येईपर्यंत भाजायचा. डाळ लाल झाली तर चकली कडवट आणि काळपट. गार झाल्यावरच गिरणीत न्यायची, आणि गिरणीवाल्याला आधी गहू दळले की ज्वारी ते विचारायचं. जात्यात राहिलेलं पीठ पहिल्या मूठभर भाजणीत येतं. ती मूठ वेगळी काढा, थालीपिठाला चालते.

भाजणीच्या पिशवीवर चिकटवायची चिठ्ठी अशी. एक वाटी भाजणीला एक टेबलस्पून कडकडीत मोहन, तिखट, मीठ, तीळ, ओवा, आणि पाऊण ते एक वाटी उकळतं पाणी. पंधरा मिनिटं झाकून मग मळायची. तेल १७० अंशांच्या जवळपास. चकली तेलात पडताच विरघळायला लागली तर मोहन जास्त झालं आहे. पिठात थोडी कोरडी भाजणी मिसळायची. दाताला दगड लागला तर मोहन कमी. तळताना छान आणि दुसऱ्या दिवशी मऊ, असं झालं तर तेलातले बुडबुडे बसायच्या आतच झारा घातला गेला. आतलं पाणी गेलंच नव्हतं.

वजनकाटा आणि थर्मामीटर

पैशाच्या मानाने सर्वांत जास्त उपयोगाची जोडी, आणि दिसायला सर्वांत किरकोळ. म्हणूनच कुणी देत नाही. ज्यांच्या हाताला चव आहे त्यांना याचं थोडं हसू येतं, हेही खरं. पण केक, ब्रेड किंवा मिठाई करणाऱ्या कुणालाही द्या आणि महिन्याने विचारा.

२४० मिलिलिटरच्या कपात मैदा चमच्याने हलका भरला तर १२० ग्रॅम बसतो, पिशवीत कप खुपसून भरला तर दीडशेच्या घरात जातो. कृती एकच, केक दोन. काटा पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमने दाखवणारा घ्या. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा बरा. चपट्या बटण सेलवाला काटा ऐन वेळी बंद पडतो आणि तो सेल कोपऱ्यावरच्या दुकानात नसतो. आपोआप बंद व्हायची वेळ विचारा: दीड-दोन मिनिटांत झोपणारा काटा पीठ चाळेपर्यंत आकडा विसरतो. तपासायला मिठाची एक किलोची बंद पिशवी मधोमध ठेवा, वेष्टनामुळे किलोच्या वर पाच-सात ग्रॅम दिसतील. मग तीच चारी कोपऱ्यांकडे सरकवा. दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला तर बदलून घ्या. ब्रेडवाल्यांना यीस्टसाठी खिशात मावणारा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा वेगळा लागतो. पाच ग्रॅम यीस्टमध्ये एका ग्रॅमची चूक म्हणजे पाचात एक, आणि ती पीठ फुगताना दिसते.

थर्मामीटर सुईचा घ्या, ३०० अंशांपर्यंतचा. पिस्तुलासारखा लांबून लाल ठिपका टाकणारा घेऊ नका. तो फक्त पृष्ठभाग मोजतो, आणि चकचकीत स्टीलवर तर साफ फसतो. तपासणी ठाण्यात आणि नवी मुंबईत फार सोपी, कारण आपण जवळजवळ समुद्रसपाटीवर आहोत: खळखळ उकळत्या पाण्यात सुई ९९-१०० दाखवते. (महाबळेश्वरला कुणाला पाठवणार असाल तर तिथे पाणी ९५-९६ लाच उकळतं, थर्मामीटर बिघडला म्हणून परत येईल.) सुई भांड्याच्या तळाला टेकवायची नाही.

कामाचे आकडे त्याच खोक्यात घाला. शंकरपाळी १५०-१६०, चिरोटे त्याहून थोडे कमी, चकली १७०, पुरी १९०. पाक एकतारी १०४-१०६, गोळीबंद ११२-११६. रव्याच्या लाडवांचं सगळं गणित त्या पहिल्या दोन अंशांत असतं. पाक १०० ते १०३ पर्यंत रेंगाळतो आणि पुढे बघता बघता पळतो. त्याच वेळी दारावरची बेल वाजते आणि लाडू दगड होतात. पाक पुढे गेलाच तर दोन चमचे पाणी घालून पुन्हा १०४ वर आणायचा, फेकायचा नाही.

सुरी की विळी

ज्यांच्या हातात विळी बसली आहे त्यांना सुरी देऊन सुधारायला जाऊ नका. त्यांच्यासाठी ओट्याच्या कडेला स्क्रूने घट्ट बसणारी खवणीसकटची विळी मिळते, गुडघेदुखी असणाऱ्यांना ती वरदान. घेताना ओट्याच्या ग्रॅनाइटची जाडी मोजून न्या. स्क्रूचा जबडा कमी उघडत असेल तर ती बसतच नाही. खवणीचे दाते बोटाने हलवून बघा, थोडे जरी हलले तरी नारळावर जोर दिल्यावर सुटतील.

सुरी द्यायची तर एकच, चांगली, १८ ते २० सेंटिमीटरची. लाकडी ठोकळ्यातला सहा सुऱ्यांचा संच नको. जर्मन धाटणीचं पोलाद जरा मऊ असतं, धार लवकर जाते पण घरच्या घरी परत येते. जपानी धाटणीचं कडक, धार अप्रतिम आणि टिकाऊ, पण लाल भोपळा, नारळाची करवंटी किंवा फ्रीझरमधली सुरमई यावर मारली की पात्याच्या कडेचे टवके उडतात. आपल्याकडच्या बहुतेक ओट्यांवर पहिलीच शहाणपणाची. सोबत १००० ग्रिटचा, म्हणजे मध्यम दाण्याचा, धार लावायचा दगड आणि लाकडी पाट द्या. काचेचा चॉपिंग बोर्ड ही धारेची शत्रू असलेली वस्तू आहे, ती भेट म्हणून का विकतात कोण जाणे. दगड दहा मिनिटं पाण्यात, सुरी १५ ते २० अंशांच्या कोनात, म्हणजे पात्याच्या पाठीखाली करंगळी जेमतेम जाईल एवढी उचललेली. पात्याला पुठ्ठ्याची म्यान करून द्या. खोक्यात हात घालणारा लहान मुलगाही असू शकतो.

पितळ आणि कल्हई

जुन्या भांड्यांची आवड परत आली आहे आणि बाजाराने ती बरोब्बर हेरली आहे. पितळ वजनावर विकलं जातं, म्हणून दुकानदाराने आकडा सांगण्याआधी भांडं काट्यावर ठेवायला सांगा, झाकण वेगळं. चार माणसांच्या भाताचं, अडीच लिटरचं पातेलं सव्वा-दीड किलोचं असावं. त्याहून फार हलकं असेल तर तळ पातळ आहे आणि भात खाली लागणार. जुनी मोड दिली तर पैसे वळते होतात, तेही विचारा. वर नाव घालून घ्या. स्टीलच्या भांड्यांवर टिचटिच आवाज करत नाव घालणारं ते छोटं यंत्र भांड्यांच्या दुकानात अजून असतं, आणि '…यांजकडून सप्रेम' याची गंमत कुठल्याही रिबिनीला येत नाही.

कल्हई आत आहे का ते बघायचं म्हणजे रंग बघायचा. आतून चंदेरी, किंचित ढगाळ, कडेपर्यंत सलग. मध्ये पिवळा ठिपका दिसला तर तिथे पितळ उघडं आहे, आणि त्यात ताक किंवा आमटी ठेवली की कळकणार. कल्हई म्हणजे कथील. भांडं तापवून, नवसागराची पूड टाकून, त्यावर कथील कापसाने फिरवलेलं असतं. कथील २३२ अंशांवर वितळतं. म्हणूनच रिकामं पातेलं आचेवर ठेवायचं नाही, त्यात मोहरीची फोडणी करायची नाही; फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून ओतायची. तळाला चंदेरी थेंब गोळा झालेले दिसले, तर रिकामंच तापवलं गेलं होतं हे समजायचं. वरण, भात, खीर, दूध यांना हे भांडं लाजवाब. ज्याला रोज तारेची घासणी लागते त्या घराला देऊ नये, पुन्हा सांगतो.

मिसळणाचा डबा, वाशीहून भरून

डबा कुठेही मिळतो, पण बहुतेकांत एक खोट असते आणि ती दुकानात कळत नाही. वाट्या आत ठेवून झाकण लावा आणि बघा, झाकणाचा आतला भाग वाट्यांच्या कडांना टेकतो का. मध्ये अर्धा इंच जागा राहिली तर डबा जरा कलंडला की हळद मोहरीत आणि तिखट जिऱ्यात. आत दुसरं सपाट झाकण असलेला डबा त्यासाठीच असतो. काचेच्या झाकणाचा घेऊ नका. आत काय आहे ते रांधणाऱ्याला ठाऊक असतं, आणि उजेडाने तिखटाचा रंग उडतो.

भरायला वाशीचं एपीएमसीचं मसाला मार्केट. बाजार घाऊक आहे, पाव-पाव किलोसाठी प्रत्येक गाळा मान वर करणार नाही. तीन-चार घरांनी मिळून जायचं आणि घरी येऊन वाटून घ्यायचं. रोजचं जिरं-मोहरी भरून देऊ नका, ते त्यांच्याकडे असतंच. द्यायचं ते असं: त्रिफळ (माशाच्या आमटीला, बिया काढून), दगडफूल, नागकेसर, जायपत्री, बाद्यान, आणि हिरवी वेलची आठ मिलिमीटरची. सगळं अख्खं, पूड नाही. पुडीचा वास महिन्या-दोन महिन्यांत बसतो. मिरची दोन प्रकारची: रंगाला ब्याडगी, तिचं अंग सुरकुतलेलं असतं, आणि तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी. मिरची हातात दाबून पाहा: वाळलेली कुरकुरते, ओली लवते, आणि लवणारी वजनाला भारी पडते व महिन्यात बुरशी धरते. दालचिनी घेताना पातळ, सिगारसारखी अनेक पदरी गुंडाळी ती सिलोनची. जाड, एकपदरी सालपट ते कॅशिया. मसाल्याला कॅशिया चालतं, गोडाला पहिली. केशर दिलंत तर आधी दोन काड्या कोमट पाण्यात टाका. पाणी हळूहळू पिवळं झालं आणि काडी लालच राहिली तर खरं. काडी झटक्यात पांढुरकी पडली तर रंगवलेलं.

धान्याची आवड असलेल्याला मसाल्याऐवजी आजऱ्याचा घनसाळ किंवा मावळचा आंबेमोहर द्या, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. नवा तांदूळ चिकट होतो, त्याला पाणी कमी लागतं, हे पिशवीवर लिहा.

बाकीचं थोडक्यात

पुरणयंत्र: चांगलं, पण डाळ गरम असतानाच फिरवायची आणि पाय ओट्यावर घसरत नाहीत ना ते बघायचं. दोरीचा चॉपर: दोन कांद्यांपुरता. मोदकपात्र: गणपतीला द्या, आत्ता नको. कुकर देणार असाल तर त्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस २३४७ हा आकडा बघा, शिक्क्याखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून खरा की खोटा कळतो.

एअर फ्रायरचा मोह झाला तर आधी स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बघून या. १५०० वॉटचं यंत्र २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतं. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत किंवा सिडकोच्या सुरुवातीच्या घरांत ओट्यावरचा सॉकेट बऱ्याचदा सहा अँपिअरचा असतो. प्लग काळा पडतो, वास येतो, आणि यंत्र बदनाम होतं. सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट असेल तरच घ्या, आणि चकल्या त्यात होतील असं सांगू नका.

संक्रांतीच्या वाणासाठी आत्ताच पाहून ठेवायचं तर करंजीचं कातणं. पितळी, चाक सहज फिरणारं, पण डावं-उजवं न हलणारं.

ज्यांच्याकडे सगळं आहे

अशा घरी नवीन वस्तू नेऊ नका, जुन्या वस्तू दुरुस्त करून द्या. आमच्या मते या यादीतली ही सर्वांत सरस भेट, आणि हिला खोकंही लागत नाही. पितळी भांड्यांना कल्हई. विळीच्या पात्याला धार. मिक्सरच्या भांड्याखालून पाणी गळत असेल तर नवं भांडं घ्यायची गरज नसते, खालचा बुश आणि वॉशर गेलेला असतो; पातं बसवणारा तो तासाभरात बदलून देतो. पातं हाताने फिरवताना खरखरलं किंवा वर-खाली हललं तर तोच दोष. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ही मंडळी हाताला लागत नाहीत, नवरात्रातच गाठा.

आणि कुकरची रिंग. शिट्टीऐवजी कडेने वाफ जाते, डाळ तीन शिट्ट्यांऐवजी सहा घेते, आणि घरातले 'हल्ली डाळच शिजत नाही' म्हणून वाण्याला नावं ठेवतात. नवी रिंग कंपनीची, त्याच लिटरची आणि त्याच धाटणीची हवी. झाकण आतून बसणाऱ्या कुकरची रिंग बाहेरून बसणाऱ्याला चालत नाही. सोबत सुरक्षा झडप आणि शिट्टीही बदलून घ्या. मापाला जुनी रिंग नेऊन भागत नाही, ती ताणून लांबलेली असते. झाकणच न्यावं लागतं. न्यायचं ते दुपारी, वरण-भात उतरल्यावर. संध्याकाळी सातच्या आत परत जागेवर आलं नाही, तर भेटीची बातमी आधीच फुटते.